नाण्याची पारख



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगारवाढीवर नाही तर संपावर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून बसतात. आम्ही आज नाण्यांवर बोलणार आहोत. विषय कळताच एका स्नेह्याने आम्हांला विचारले, "अण्णा, आता सराफी सुरू केली काय?" सराफी नव्हे. पण ज्या विद्येवर सराफ पिढ्यान्‌पिढ्या जगला, ती विद्या हमालाच्या, भाजीवाल्या बाईच्या आणि एस.टी.च्या कंडक्टरच्याही हाती असावी, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण गावोगावच्या वाचनालयांनी केले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. हाताखालून गेलेल्या मालाबद्दल बोलू.

सांगलीकराने साताऱ्यास येऊन बोलणे म्हणजे काही परमुलखात जाणे नव्हे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली पडले. घर एकच, मधे भिंत घातली आहे.

परदेशांत नाणी जमवणारे लोक बँकेतून कागदात गुंडाळलेली नाण्यांची नळकांडी आणतात, घरी ती फोडतात, एकेक नाणे निरखतात, हवे ते ठेवून बाकीची परत भरतात. आपल्याकडे नळकांडे नाही, शंभर नाण्यांची प्लॅस्टिकची पुडी असते. आमच्याकडे तीही नव्हे. आमच्याकडे वर्गणीचा डबा आहे. मार्केट यार्डातले हमाल, हळदीच्या गोदामातल्या बाया, कारखान्यातली पोरे यांची वर्गणी त्यात पडते. महिन्यातून एकदा आम्ही तो जुन्या वर्तमानपत्रावर ओततो आणि मोजता मोजता बघतो. वीस वर्षांहून अधिक काळ हे चालले आहे. श्रीमंत कोणी झाले नाही. परंतु त्या ढिगाने आम्हांला एक गोष्ट शिकवली: नाणे कसे बनते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते बिघडले कसे आणि बिघडवले कुणी हेही सांगता येते.

आधी जे रोज नडते ते घेऊ. दहा रुपयांचे नाणे. २०१६ च्या सुमारास आवई उठली की ते चालत नाही. कुणी म्हणे पंधरा रेघांचे खोटे आणि दहा रेघांचे खरे; कुणी म्हणे रुपयाचे नवे चिन्ह नसेल तर हात लावू नका. आता हे चिन्ह सरकारने मान्य केले २०१० च्या जुलैत आणि नाण्यांवर ते आले २०११ पासून. त्याआधी पाडलेल्या नाण्यावर ते येणार कोठून? रेघांचेही तसेच, दोन वेगळ्या काळांतले ते दोन वेगळे ठसे. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी पत्रक काढून सांगितले की तोवर दहाची नाणी चौदा प्रकारांच्या नक्षीत निघाली आहेत आणि चौदाही चालू आहेत. पत्रक पेठेपर्यंत पोचले नाही, आवई पोचली. आमच्या ओळखीची एक मिरच्या विकणारी मावशी डबाभर दहाची नाणी घेऊन आमच्या कचेरीत आली. "अण्णा, वाणी घेत न्हाई, वडापवाला घेत न्हाई. मग म्या काय ही नाणी शिजवून खाऊ?" तिने एका बँकेच्या शाखेतही खेटे घातले होते; मोजायला माणूस नाही, असे तिला सांगण्यात आले. शेवटी बाजारातल्याच एकाने शंभराची नाणी नव्वदाला घेण्याची तयारी दाखवली होती, आणि ती देण्याच्या बेतात होती.

ह्या दहा रुपयांना आपल्या भाषेत जुना शब्द आहे: बट्टा. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, मिरजेचा रुपया अशी तऱ्हेतऱ्हेची नाणी ह्या मुलखात एका वेळी फिरत होती. मिरजेला मोगलांनी मुर्तजाबाद नाव दिले होते. मराठ्यांच्या टांकसाळींतली चांदीची नाणीदेखील बहुधा दिल्लीच्या बादशहाच्या नावाने आणि फारसी अक्षरांत निघत. ती अक्षरे शेतकऱ्याला कोठून वाचता येणार? कोणत्या नाण्याला किती कमी धरायचे ते सराफ ठरवी, आणि तूट सोसणारा नेहमी एकच असे: ज्याला नाणे वाचता येत नाही तो. १८३५ साली कंपनी सरकारने एका वजनाचा, एका कसाचा रुपया काढला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. यंत्राच्या कळीवर पाडलेला म्हणून लोक त्याला कलदार म्हणू लागले. मग तऱ्हेतऱ्हेच्या रुपयांवरचा तो बट्टा हळूहळू सरला. बट्टा लागणे हा वाक्प्रचार तेवढा मागे उरला. त्या मावशीच्या डब्याशी तो पुन्हा येऊन बसला, आणि तोही पूर्ण खऱ्या नाण्यांवर! तेव्हापासून आम्ही कचेरीच्या भिंतीवर दहाच्या सगळ्या प्रकारांची चित्रे लावून ठेवली आहेत.

आता टांकसाळीच्या आत चला. धातूचा पत्रा लाटून हव्या त्या जाडीचा करतात. त्यातून छिद्रयंत्र चकत्या पाडते. चकती भट्टीत तापवून मऊ करतात, तिचा काठ दाबून किंचित उचलतात, ती धुऊन चकचकीत करतात. मग ती दोन ठशांच्या मधे येते. भोवती एक पोलादी कडे असते, ते धातूला बाहेर पसरू देत नाही. ठोका पडला की एका क्षणात छापा, काटा आणि काठ तिन्ही उमटतात. काठावरचे दाते त्या कड्याच्या आतल्या बाजूने येतात. ज्यांनी प्रेसवर काम केले आहे ते बंधू आत्ताच माना डोलवीत आहेत. त्यांना पुढचे सांगायलाच नको.

पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही तर पुढची चकती आधीच्या भोकावर चढते आणि तिचा एक चंद्रकोरीएवढा तुकडा उणा पडतो. असे नाणे आमच्या डब्यात तीन-चारदा आले. पण कानस घेऊन अशी कोर कुणीही काढू शकतो. मग ओळखायचे कसे? कोरीच्या बरोबर समोरचा काठ बघावा. काठ उचलणारे यंत्र चकतीला दोन्ही बाजूंनी दाबते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही, आणि तेथला काठ बुजलेला, पसरट राहतो. कानस लावणाऱ्याला हे ठाऊक नसते. त्याच्या नाण्याचा समोरचा काठ ठणठणीत असतो. त्याशिवाय खऱ्या कोरीजवळची अक्षरे तिकडे ओढल्यासारखी दिसतात, कारण ठोका बसला तेव्हा धातू मोकळ्या जागेकडे वाहिला.

चकती कड्यात नीट बसली नाही तर चित्र एका बाजूला सरकते आणि उरलेला भाग कोरा राहतो. ठसा सैल झाला तर तो फिरतो. हे तपासायला सोपे आहे. छापा सरळ धरा आणि पुस्तकाचे पान उलटावे तसे नाणे उलटा. आपल्या नाण्यांत काटाही सरळच आला पाहिजे. तो तिरपा आला तर ठसा फिरलेला होता. लोक ह्याला खोटे नाणे म्हणतात. ते खोटे मुळीच नाही, पाळीतल्या कुणाची तरी मळसूत्र आवळायची राहिलेली आहे.

सगळ्यांत गमतीचे असते ते लाखी. पाडलेले नाणे ठशाला चिकटून राहते, खाली पडत नाही. पुढची चकती आली की एका बाजूने तिला खरा ठसा मिळतो आणि दुसऱ्या बाजूने त्या चिकटलेल्या नाण्याचा. म्हणजे एकीकडे चित्र उठावाचे आणि दुसरीकडे तेच चित्र खोलगट, आरशात पाहावे तसे उलटे. दोन रुपयांचे असे एक नाणे आमच्याकडे एकदाच आले. आता ह्याचीही नक्कल होते: दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाईसमध्ये आवळायची. तशा नाण्यात खोलगट अक्षरांच्या खाली मूळ चित्र चेपून भुईसपाट झालेले दिसते, आणि नीट पाहिले तर व्हाईसच्या दातांची खूणही सापडते. कारखान्यातल्या पोरांना ती लगेच ओळखू येते, कारण असल्या गमती त्यांनी स्वतः जेवणाच्या सुट्टीत केलेल्या असतात!

दोन्हीकडे छापा असलेले नाणे 'शोले'त १९७५ साली सर्वांनी पाहिले. बाजारात मिळणारे तसले नाणे जवळजवळ नेहमी दोन नाणी कापून, एक आतून कोरून आणि दुसरे त्यात बसवून केलेले असते. उचललेल्या काठाच्या आतल्या बाजूने नख फिरवा, बारीक सांधा लागेल. फरशीवर टाका, एकसंध नाणे खणखणते, हे बद्द वाजते. नाणे वाजवून घेणे हा वाक्प्रचार आपल्याकडे उगाच पडलेला नाही.

चुंबकाविषयी मात्र एक सूचना. 'चुंबकाला चिकटले म्हणजे खोटे' असे पुष्कळ जण सांगतात. एक रुपया १९९२ पासून पोलादाचा आहे, तो चिकटणारच. जुना नऊ ग्रॅमचा जाड पाच रुपयांचा तांबे-निकेलचा होता. तो चिकटला तर शंका घ्यावी. कोणते नाणे कोणत्या धातूचे हे माहीत असल्याशिवाय चुंबक म्हणजे खेळणे.

सालाच्या आकड्याखाली एखादी खूण असली की लोक दचकतात. मुंबईच्या टांकसाळीची खूण चौकट, हैदराबादची पाच टोकांची चांदणी, नोएडाचा वाटोळा ठिपका. कलकत्त्याची बहुधा खूणच नाही. १९८० च्या दशकात आणि पुन्हा १९९० नंतर सुट्या नाण्यांची टंचाई पडली तेव्हा सरकारने कोरिया, ब्रिटन, कॅनडा, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, स्लोव्हाकिया, रशिया अशा ठिकाणच्या टांकसाळींतून नाणी पाडून आणली, आणि त्यांच्याही खुणा नाण्यांवर आहेत. आपल्या विट्याच्या बाजारात फिरणारा रुपया परमुलखातल्या कामगाराने ठोकलेला असू शकतो, ही कल्पना आम्हांला फार आवडते.

मुद्दाम बदललेल्या नाण्यांकडे वळू. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया दुर्मीळ आहे, १९३८ चा पुष्कळ मिळतो. मग आठाचा नऊ करण्याचा मोह कुणाला तरी होतोच. इंग्रजी आठाची खालची गाठ डावीकडे कापली की नऊ होतो. भिंगाखाली तेथे पातेरे दिसते, कापलेल्या जागेची जमीन भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली गेलेली असते. आकडा कुणी वरून चिकटवला असेल तर त्याच्या मुळाशी रेष दिसते. टांकसाळीत आकडा जमिनीतूनच उठलेला असतो. भोकाच्या पैशाचेही तसेच. १९४३ ते १९४७ मधला तो पैसा युद्धकाळात तांबे वाचवायला काढला, आणि पुष्कळांनी तो वायसर म्हणून वापरून संपवला. त्याच्या भोकाभोवती उचललेला काठ असतो. ड्रिलने पाडलेल्या भोकाला काठ नसतो, फार तर कीस असतो.

एकदा पायाच्या खोदकामावरचा एक सभासद शिवराई घेऊन आला. ती खोदकामात निघाली नव्हती. किल्ल्याच्या पायथ्याशी एका अनोळख्याकडून त्याने ती दोन हजारांना घेतली होती, पोराच्या गळ्यात घालायला. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', वर हिरवट गंज. आम्ही अक्षरे पाहत बसलो. शेजारी आमचा एक मोल्डर बसला होता. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, तेव्हापासून आपल्या भागात ओतकामात पिढ्या गेल्या आहेत, त्यातलाच हा. त्याने अक्षरांकडे पाहिलेच नाही. नाणे उभे धरले, काठावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "दादा, ह्ये ठोकल्यालं न्हाई, ओतल्यालं हाय. हितं साच्याचा जोड घासलाय बघा." मग त्याने दाखवले तसे आम्हांलाही दिसू लागले: जमिनीवर बारीक बुडबुड्यांचे खड्डे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. खरी शिवराई घणाच्या ठोक्याने पाडलेली. चकती लहान, ठसा मोठा, म्हणून अर्धीअधिक अक्षरे बाहेर राहिलेली. एकासारखी दुसरी नाही. तुम्हांला दोन शिवराया दाखवल्या आणि दोन्हींवर तोच खड्डा त्याच जागी असला तर दोन्ही एका साच्यातल्या समजा.

शिवराईवरची अक्षरे वेगवेगळी दिसली म्हणून मात्र ती खोटी ठरत नाही. 'शिव', 'सिव', 'सीव', 'छत्रपति', 'छत्रपती' असे कितीतरी पाठ खऱ्या नाण्यांवर सापडतात. १६७४ च्या राज्याभिषेकापासून पुढे पेशवाई अखेरीपर्यंत आणि नंतरही, ठिकठिकाणी, निरनिराळ्या हातांनी ती पाडली गेली. मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी ही तिचीच धाकटी बहीण.

त्या सभासदाचे दोन हजार गेले ते गेले. मोल्डरची विद्या त्याच्या शेजारच्याच बाकावर बसलेली असताना गेले, ह्याचे आम्हांला अधिक वाईट वाटते.

बदललेले नाणे म्हटले की लबाडीच, असेही नाही. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला: तेरा हजारांहून अधिक नाणी, सारी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे. खालचा राजाचा चेहरा पुरता बुजलेला नाही, वरचा ठसा त्यावर बसलेला आहे. कोण जिंकला हे त्या नाण्यांवर उघड दिसते. आपल्या आणखी जवळचे उदाहरण कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या नाण्यांचे. त्यांवर तीन राजांची नावे आहेत: वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर. आधी कोण, नंतर कोण, हे कोठे लिहिलेले नव्हते. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७७ च्या सुमारास पाहिले की शिवलकुराचा ठसा वासिष्ठीपुत्राच्या नाण्यावर पडला आहे आणि गौतमीपुत्राचा दोघांच्याही. वरचा ठसा नंतरचा! तीन राजांचा क्रम लागला. भगवानलालांचे बरेचसे शिक्षणही शाळेबाहेरच झाले होते, हे जाता जाता सांगण्याचा मोह आवरत नाही.

नाण्याच्या वजनाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय कामगार संघटनेच्या माणसाला राहवणार नाही. ११.६६ ग्रॅम चांदीचा रुपया १९४० साली अर्ध्या चांदीचा झाला, मग निकेलचा. १९६२ चा निकेलचा रुपया दहा ग्रॅम, १९७५ चा आठ, १९८३ चा सहा, १९९२ चा पोलादी ४.८५, २०११ चा ३.७९ आणि २०१९ चा ३.०९. रुपया तोच आहे, असे आम्हांला सांगतात! पण ह्यामागे टांकसाळीचा हिशेबही आहे. नाण्यातली धातू नाण्यापेक्षा महाग झाली की नाणे वितळते. २००७ च्या आगेमागे वर्तमानपत्रांत आले होते की आपली नाणी सीमेपलीकडे नेऊन त्यांची दाढीची पाती करतात. २०११ च्या नाणे कायद्याने नाणे वितळवणे वा मोडणे ह्याला सात वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. म्हणून ज्यांना नाण्याची अंगठी किंवा पदक करायचा शौक आहे त्यांनी तो चालू नाण्यावर करू नये.

आता ज्याने आमची झोप उडवली ते सांगतो. मोबाइलवर निरोप येतो: वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाचाचे किंवा दहाचे नाणे असेल तर दहा लाख रुपये मिळतील. ते नाणे २०१२ सालचे, देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे. भरपूर पाडले गेले. आमच्या डब्यातच कितीदा आले. पण निरोप वाचणाऱ्याला हे ठाऊक नसते. फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलतो, रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेला कागद पाठवतो, मग आधी नोंदणीचे पैसे मागतो, मग कराचे, मग विम्याचे. आमच्या एका हमाल सभासदाची महिन्याची कमाई अशी तीन हप्त्यांत गेली, आणि चौथ्या हप्त्यासाठी तो उसने मागायला आला म्हणून आम्हांला कळले. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले आहे की ती असल्या व्यवहारात नाही आणि कुणाकडूनही कसले शुल्क घेत नाही. जुन्या नाण्याला खरोखर किंमत असेल तर घेणारा तुम्हांला पैसे देईल. विकणाऱ्याकडूनच पैसे मागणारा ग्राहक आम्ही अजून कोणत्याही बाजारात पाहिलेला नाही.

खोदकामावर असलेल्या बंधूंसाठी एक गोष्ट राहिली. जमिनीत जुने नाण्यांचे मडके लागले तर ते आपसांत वाटून घेऊ नये. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवावे लागते. कळवणाऱ्याचा हक्क कायद्याने धरलेला आहे, लपवणाऱ्याचा जातो. आणि मडके फुटले, नाणी चार घरांत गेली आणि आटली, की ब्रह्मपुरीसारखा क्रम कुणालाच लावता येत नाही. ज्यांना हा विषय पुढे अभ्यासायचा असेल त्यांच्यासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधनसंस्था १९८० पासून आहे.

बरोबर काही नाणी आणली आहेत, ती मेजावर मांडली आहेत: कोर गेलेला रुपया, फिरलेल्या ठशाचे पाच रुपये, ते लाखी, सांधलेले दोन छाप्यांचे नाणे, आणि ती ओतलेली शिवराई, तिच्या मालकाने ती मुद्दाम दाखवायला दिली आहे. शेजारी भिंग आणि चुंबक ठेवले आहे. ज्यांना पाहायची आहेत त्यांनी रांगेने यावे, लहान मुलांना पुढे घ्यावे. नाणे उचलताना काठाला धरावे, आणि कृपा करून चिंच किंवा राख लावून ते घासू नये. घरी काही विचित्र नाणे असेल तर तेही उद्या सायंकाळी घेऊन या. आम्ही मुक्कामाला आहोत.